दिव्यात घर घेण्याआधी



'आपली वस्ती' या सदरात आम्ही दर महिन्याला एखाद्या गावाची किंवा मोहल्ल्याची ओळख करून देतो. मात्र ज्या दिव्यात आम्ही स्वतः सोळा वर्षे राहतो, त्याच्याबद्दल लिहायचे टाळत आलो. ते का, हे पुढे येईलच.

आता टाळणे शक्य नाही. माणगाव, खेड, मंडणगड, महाड या बाजूंच्या वाचकांकडून एकच विचारणा पुन्हा पुन्हा येते : 'मुलाला ठाण्याकडे नोकरी लागली आहे. दिव्यात स्वस्तात घर मिळते म्हणतात. घ्यावे का?' गेल्या महिन्यात तर आमच्या धाकट्या बहिणीचा मुलगाच दारात उभा राहिला. सोबत नवी सून, हातात घराचा नकाशा, आणि दुल्हाभाईंच्या निवृत्तीचे नऊ लाख रुपये बँकेत. तेव्हा त्याला जे सांगितले, तेच इथे सर्वांसाठी लिहितो.

दिवा नेमके कुठे

मध्य रेल्वेवर मुंब्रा आणि कोपर यांच्या मधले स्टेशन म्हणजे दिवा जंक्शन. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ४३ किलोमीटर. बाहेरचे लोक दिव्याला डोंबिवलीत धरतात, पण दिवा ठाणे महापालिकेत आहे. पुढचे कोपर आणि डोंबिवली कल्याण-डोंबिवली महापालिकेत येतात. ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण घराच्या परवानगीची चौकशी कोणत्या महापालिकेत करायची हे त्यावरच ठरते. आमच्या भाच्याला घर दाखवणाऱ्या दलालाने 'डोंबिवलीला लागून' एवढेच सांगितले होते.

मूळचे दिवा म्हणजे आगरी-कोळी लोकांचे गाव. आजूबाजूला साबे, दातिवली, म्हातार्डी, बेतवडे, आगासन अशी गावे. एका बाजूला खाडी आणि खारफुटी, दुसऱ्या बाजूला भातशेती. पावसाळ्यात शेतात आणि खाजणात पाणी साठायचे, आणि ते तसे साठावे म्हणूनच ती जमीन होती. आता त्याच जमिनीवर भराव टाकून चाळी आणि इमारती उभ्या आहेत. मोठ्या पावसात पूर्वेच्या खोलगट गल्ल्यांत पाणी येते त्याचे कारण हेच. घर बघायला येणाऱ्याने एकदा तरी जुलै महिन्यात, भरतीच्या वेळी यावे. एप्रिलमध्ये बघितलेली गल्ली आणि जुलैमध्ये बघितलेली गल्ली यांत फरक असतो.

गाडी

दिव्यात लोक येतात ते रेल्वेसाठी. ठाणे ते कल्याण ही लोहमार्गाची वाट १८५४ सालची. १९१६ मध्ये पारसिकच्या डोंगरातून सुमारे १.३ किलोमीटरचा बोगदा निघाला आणि जलद गाड्या मुंब्र्याचा वळसा टाळून सरळ दिव्याच्या बाजूला बाहेर पडू लागल्या. पुढे दिव्याहून पनवेलकडे आणि वसईकडे मार्ग फुटले. म्हणून हे नुसते स्टेशन नाही, जंक्शन आहे.

याचा फायदा असा : पनवेल मार्गावर दातिवली, निळजे, तळोजा, कळंबोली ही ठिकाणे जोडलेली आहेत. वसई मार्गावर भिवंडी रोड, कामण, जूचंद्र. भिवंडीला यंत्रमागावर किंवा गोदामात नोकरी असणाऱ्यांना ही गाडी फार उपयोगी, फक्त तिच्या फेऱ्या कमी, त्यामुळे वेळापत्रक पाठ हवे. आणि कोकणातल्या आपल्या माणसांसाठी सर्वांत मोठी सोय म्हणजे सकाळी दिव्याहून सुटणारी सावंतवाडीची गाडी. रोहा, माणगाव, वीर, खेड, चिपळूण असे करत ती जाते. महाडवाल्यांनी वीरला उतरावे. आमची अम्मी हयात होती तोवर आम्ही याच गाडीने दर दोन महिन्यांनी गावी जायचो.

तोट्याची बाजूही ऐकून घ्या. सकाळी साडेसात ते दहा या वेळात दिव्याहून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत पाय ठेवणे म्हणजे रोजचे युद्ध. कल्याण, डोंबिवलीहून गाडी भरून येते. त्यामुळे आमच्या गल्लीतले कितीतरी लोक आधी उलट डोंबिवलीला किंवा कल्याणला जातात आणि तिथून बसून येतात. यात रोजचा अर्धा-पाऊण तास जातो. जानेवारी २०१५ मध्ये गाड्या रखडल्या तेव्हा इथल्या प्रवाशांचा संताप रुळावर आला आणि मोठे आंदोलन झाले. डिसेंबर २०१६ पासून काही जलद गाड्या दिव्याला थांबू लागल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली. फरक पडला, पण माणसे त्याहून वेगाने वाढली. दिव्यातूनच गाडी सुटावी, ही मागणी आजही आहे.

९ जून २०२५ ची सकाळ आम्ही विसरू शकत नाही. मुंब्र्याच्या वळणावर दोन भरलेल्या गाड्या एकमेकींजवळून जाताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. त्या दिवशी किमान चार जणांचा जीव गेला. त्या वेळी आमच्या इमारतीतली सहा माणसे वेगवेगळ्या गाड्यांत होती, आणि प्रत्येकाचा फोन लागेपर्यंत जिन्यात बायका उभ्या होत्या. अल्लाहच्या मेहरबानीने सगळे सुखरूप होते. तेव्हापासून आम्ही वर्गातल्या मोठ्या मुलांना एक गोष्ट रोज सांगतो : गाडी सोडा, पुढची येईल. भाच्यालाही तेच सांगितले. कामावर उशीर झाला तर साहेब ओरडेल, एवढेच होईल.

आणखी एक. दिवा पूर्व आणि पश्चिम यांच्यामधले फाटक. ते उघडले की गाड्या खोळंबतात, बंद झाले की रिक्षा. त्यावरच्या पुलाची कहाणी वर्षानुवर्षे चालली आहे. घर बघताना विचारा : शाळा, दवाखाना, बाजार हे सगळे फाटकाच्या एकाच बाजूला आहे का? नसेल तर रोजचा वेळ त्यात धरा. आणि कितीही घाई असली तरी रूळ ओलांडू नका. पुलाचा जिना चढायला फार तर चार मिनिटे लागतात.

पाणी, कचरा, दवाखाना

पाणी बारवी धरणाकडून, एमआयडीसीच्या वाहिनीतून येते. दुरुस्तीसाठी ते बंद असते तेव्हा कळवा, मुंब्रा, दिवा एकदमच कोरडे पडतात. हा बंद बऱ्याचदा गुरुवार-शुक्रवारीच येतो, त्यामुळे जुम्याच्या गुस्लचे पाणी आदल्या दिवशीच भरून ठेवायची सवय आमच्या घराला लागली आहे. इमारत बघताना तिथल्या बाईला विचारा, पुरुषाला नको : नळाला पाणी किती वाजता येते, किती मिनिटे टिकते, उन्हाळ्यात टँकरचे महिन्याला किती द्यावे लागतात? दलाल सांगेल त्याच्या निम्मे खरे समजा.

कचराभूमीबद्दल अजून विचारणा होते. ठाण्याचा कचरा वर्षानुवर्षे दिव्यात पडत होता. रात्री धूर घरात यायचा, मुलांना खोकला कायम. २०२३ च्या सुरुवातीला ती बंद झाली. जुने ढीग एका दिवसात नाहीसे होत नाहीत, पण पूर्वीचा धूर आता नाही. अल्हम्दुलिल्लाह.

दवाखाने गल्लोगल्ली आहेत. मात्र मोठ्या इलाजासाठी कळव्याचे महापालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय गाठावे लागते. घरात गरोदर सून किंवा हृदयाचे दुखणे असलेले बुजुर्ग असतील तर रात्री दोन वाजता रिक्षा कुठून मिळेल, रुग्णवाहिका गल्लीत शिरेल का, हे आधी पाहावे. आमच्या गल्लीत ती शिरत नाही. कोपऱ्यापर्यंत खुर्चीवरून न्यावे लागते.

मुलांची शाळा

आम्ही घरात दोघेही शिक्षक, त्यामुळे या भागाबद्दल जरा अधिकाराने लिहितो.

दिव्यात मराठी शाळा आहेत, इंग्रजी माध्यमाच्या पाट्या तर प्रत्येक वळणावर. उर्दू माध्यम हवे असेल तर एक स्टेशन अलीकडे मुंब्र्याला जावे लागते. तिथे महापालिकेच्या आणि खासगी अशा दोन्ही उर्दू शाळा आहेत. पाच-सहा वर्षांच्या मुलाला रोज गाडीने पाठवणे सोपे नाही, म्हणून दिव्यातली बरीच घरे मूल मराठी शाळेत घालतात आणि उर्दू, कुरआन संध्याकाळी मकतबमध्ये. आमचे मत विचाराल तर यात काही नुकसान नाही. आमच्या दोन्ही मुली मराठी शाळेत शिकल्या, उर्दू आम्ही घरी शिकवली. दोन्ही भाषांतली वर्तमानपत्रे त्या वाचतात.

नुकसान दुसऱ्याच ठिकाणी आहे. ठाणे महापालिका अनधिकृत शाळांची यादी जाहीर करते. तिच्यात दिव्याच्या परिसरातली नावे बरीच असतात. रंगीत पाटी, टाय-बूट, पण शासनाची मान्यता नाही. पालकांना कळते ते मूल चौथी-पाचवीला दुसरीकडे न्यायचे म्हटल्यावर, कारण तिथला दाखला पुढे चालत नाही. प्रवेश घेण्यापूर्वी शाळेचा यू-डायस क्रमांक आणि मान्यतेचे पत्र मागा. चांगली शाळा ते दाखवते. जी 'नंतर बघू' म्हणते, तिला सलाम करून बाहेर पडा. शिक्षण हक्क कायद्याखालच्या २५ टक्के जागांसाठी घर आणि शाळा यांतले अंतर पाहतात, म्हणून भाडेकराराची नोंदणी केलेली असावी. नुसत्या कागदावर लिहिलेला करार तिथे उपयोगाचा नाही.

मस्जिद आणि शेजार

जुम्यासाठी, तरावीहसाठी, रमजानच्या बाजारासाठी मुंब्रा-कौसा जवळ आहे. कौसा ही कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून बरीच कुटुंबे मुंब्र्यात आली आणि गाव शहर झाले. मय्यत झाली तरी आपल्याला त्याच बाजूला जावे लागते. घर घेताना असले काही कोणी विचारत नाही, पण विचारावे.

दिवा हे मुंब्रा नाही. इथे बहुसंख्य लोक कोकणातले आणि घाटावरचे मराठी हिंदू, शिवाय आगरी-कोळी गावकरी आणि उत्तरेकडून आलेली कुटुंबे. आमच्या इमारतीत सोळा बिऱ्हाडे, त्यांत आम्ही तीन मुसलमान घरे. खरे सांगायचे तर भाड्याने घर शोधताना नाव ऐकून 'आताच दिली हो खोली' असे म्हणणारे भेटतात. आम्हालाही भेटले होते. असे होणार हे धरून चला आणि मन कडू करून घेऊ नका, कारण दुसऱ्या दारावर वेगळे उत्तर मिळते. आमच्या घरमालकीणबाई आगरी होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी एकच विचारले : 'सुकी मच्छी खाता ना? मग आपलं जमेल.' त्यांची तांदळाची भाकरी आणि आमच्या गावची भाकरी यांत तसूभर फरक नव्हता. त्यांच्या घरच्या हळदीचा आवाज रात्रभर सोसावा लागे, आणि रमजानमध्ये सहरीच्या वेळचा आमच्या भांड्यांचा आवाज त्या सोसत. ईदला शीरखुर्मा, गणपतीला मोदक, अशी देवाणघेवाण त्या हयात होत्या तोवर चालली.

आता घर

आता ज्या कारणामुळे आम्ही दिव्यावर लिहायचे टाळत होतो, तिथे येतो.

आमचे स्वतःचे घर बेकायदा इमारतीत आहे.

२००९ साली साडेपाच लाखांत घेतले. व्याजाचे कर्ज काढायचे नाही असे आम्ही दोघांनी ठरवलेले. दागिने, भिशी आणि अब्बांनी दिलेले मिळून रोख पैसे उभे केले. बिल्डरने हप्ते बिनव्याजी दिले. 'पाच वक्ताचा नमाजी माणूस आहे, फसवणार नाही' असे चार जणांनी सांगितले. करार नोटरीचा, शंभर रुपयांच्या मुद्रांकावर. आम्ही दोघे बीएड, रोज मुलांच्या वह्या तपासणारे. आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या कागदावर मात्र न वाचता सही केली.

४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याजवळ, आमच्या घरापासून काही किलोमीटरवर, काही महिन्यांत उभी केलेली बेकायदा इमारत कोसळली. ७४ माणसे गेली, त्यांत मुलेही होती. त्या रात्री आम्ही मुलींना मधल्या खोलीत घेऊन बसलो होतो. कोणी बोलत नव्हते. नंतर माहितीच्या अधिकारात अर्ज केला तेव्हा कळले की आमच्या इमारतीला बांधकामाची परवानगीच नोंदीत नाही. बिल्डर तोवर दुसरीकडे निघून गेला होता.

दोन वर्षांपूर्वी एक कुटुंब आमचे घर विकत घ्यायला आले. अठरा लाख देत होते. नवरा-बायको, दोन लहान मुले, बाई पाचवा महिना असलेली. बाईंनी स्वयंपाकघराच्या खिडकीत कुंडी कुठे ठेवायची तेही ठरवले. आम्ही त्यांना चहा दिला आणि माहितीच्या अधिकारातले उत्तर समोर ठेवले. मालातला ऐब लपवून विकणे आपल्याकडे जायज नाही, हे आम्ही वर्गात मुलांना शिकवतो. मग घरात वेगळे कसे वागणार? ते लोक उठून गेले. दलाल जिन्यातच म्हणाला, 'मॅडम, सगळे असेच विकतात. तुम्ही इमारतीचा भाव पाडलात.' शेजाऱ्यांपैकी दोघे वर्षभर आमच्याशी बोलत नव्हते. त्यांचेही चुकले असे म्हणवत नाही. त्यांची आयुष्यभराची कमाई त्याच भिंतींत आहे.

भाचा हे सगळे ऐकून म्हणाला, 'खाला, पण तुम्ही सोळा वर्षं राहताच ना? झालं का काही?'

या प्रश्नाचे उत्तर द्यायला आम्हाला वेळ लागला. खरोखरच काही झाले नव्हते. मग त्याला विचारले, 'दर पावसाळ्यात भिंतीच्या भेगेवर पेन्सिलीने खूण करून ती वाढली का बघायची, हे तुझ्या आईने कधी केलंय? २०२५ मध्ये शीळ भागातल्या बेकायदा इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या. लोक सामान घेऊन रस्त्यावर बसले होते. त्यांनीही पैसे मोजले होते बेटा. त्यांनाही कोणी सांगितलं असेल, काही होत नाही.'

सून तेवढ्यात म्हणाली, 'मी तर आधीपासून सांगत होते, कागद बघा म्हणून. माझं कोण ऐकतं?' भाचा गप्प झाला. मग कळले की त्याने ५१ हजार रुपये टोकन देऊनही टाकले आहे, साध्या चिठ्ठीवर.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे त्या कचेरीत गेलो. महापालिकेची मंजुरी मागितली, तर घरपट्टीची पावती दाखवली. भोगवटा प्रमाणपत्र मागितले, तर वीजबिल दाखवले. तीन खेपांनंतर ३० हजार परत मिळाले. २१ हजार गेले ते गेलेच.

काय बघावे

आमच्या चुकीतून आणि त्या तीन खेपांतून जे शिकलो ते असे.

एक : सातबारा. तो सरकारच्या संकेतस्थळावर घरबसल्या बघता येतो. जमीन कोणाच्या नावावर, बिनशेती झाली आहे का, 'वन' किंवा 'शासन' असे काही लिहिले आहे का ते वाचा. वाचता येत नसेल तर आपल्या मुलाच्या शिक्षकाकडे घेऊन जा, पण वाचा.

दोन : महापालिकेच्या शहर विकास विभागाची बांधकाम मंजुरी, प्रारंभ प्रमाणपत्र आणि इमारत पूर्ण असेल तर भोगवटा प्रमाणपत्र. प्रतीवर विश्वास ठेवू नका, क्रमांक घेऊन महापालिकेत खात्री करा.

तीन : महारेराचा क्रमांक. २०१७ पासून नव्या प्रकल्पांना तो लागतो. पण तेवढ्यावर थांबू नका. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून रेराची नोंदणी मिळवली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. तिथे लोकांकडे रेरा क्रमांकही होता, कित्येकांकडे बँकेचे कर्जही.

चार : घरपट्टी, पाणीपट्टी, वीजबिल, आधारवरचा पत्ता. यांतल्या कशानेही घर अधिकृत होत नाही. महापालिका बेकायदा बांधकामालाही कर लावते.

पाच : खाडीच्या बाजूला असाल तर खारफुटी किती दूर आहे ते डोळ्यांनी बघा. उच्च न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे खारफुटीपासून ५० मीटरच्या आत बांधकाम चालत नाही. ताजा भराव दिसला, तर मागे फिरा.

सहा : करार दुय्यम निबंधकाकडे नोंदलेलाच हवा. नोटरीचा कागद म्हणजे मालकी नव्हे. घर बाईच्या नावावर घेतले तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. तिच्या नावावर घर असण्याचे इतरही फायदे आहेत, ते सांगायला नकोत.

आणि सात, हे खास आपल्या वाचकांसाठी. बँकेचे कर्ज काढणाऱ्याची कागदपत्रे बँकेचा वकील तपासतो. त्याचा तीस-तीस वर्षांचा शोध अहवाल निघतो. आपल्यातले बरेच जण सूद नको म्हणून रोखीने घर घेतात. नीयत चांगली, पण त्या तपासणीलाही मुकतात. बेकायदा इमारतींचे बिल्डर 'बिनव्याजी हप्ता' म्हणून आपल्यालाच का शोधत येतात, याचा विचार करा. बँक तिथे उभी राहत नाही म्हणून ते रोखवाल्याला शोधतात. व्याज टाळा, वकील टाळू नका. स्वतःच्या खिशातून फी देऊन शोध अहवाल काढा. आम्ही २००९ मध्ये ते काही हजार वाचवले होते.

मग दिव्यात यावे का?

आमचे उत्तर असे : राहायला या, विकत घ्यायची घाई करू नका. आधी अकरा महिन्यांच्या नोंदणीकृत करारावर भाड्याने राहा. एक पावसाळा काढा, एक उन्हाळा काढा, गाडीची गर्दी अंगावर घ्या. तेवढ्यात कोणत्या इमारतीला खरे कागद आहेत हे शेजाऱ्यांकडूनच कळते. अशा इमारती दिव्यात आहेत, महाग आहेत, आणि त्या महाग का आहेत हे आता तुमच्या लक्षात आले असेल. पुढे बुलेट ट्रेनचे ठाणे स्टेशन म्हातार्डीला होणार आहे. त्याचे नाव सांगून दलाल आजच भाव वाढवतात. स्टेशन होईल तेव्हा होईल, तुमच्या इमारतीचे कागद मात्र आज हवेत.

नुसते भेटायला येणाऱ्यांनी पावसाळ्यात यावे. मुंब्र्याच्या बाह्यवळण रस्त्यावरून पारसिकच्या डोंगरावरचे धबधबे दिसतात. थांबायचे तर जपून, रस्त्यावर अवजड गाड्या असतात. पश्चिमेला खाडीवर संध्याकाळी वारा चांगला असतो. बाजारात कोळंबी, चिंबोऱ्या, निवट्या मिळतात, सकाळी लवकर गेलात तर ताज्या. हाजी मलंगला जायचे तर कल्याणला उतरून पुढे जावे. आणि कोणाच्या घरी येत असाल तर गुरुवारी पाण्याची चौकशी करून मगच या, म्हणजे यजमानीण मनातून दुआ देईल.

भाचा आणि सून सध्या आमच्याच गल्लीच्या पुढच्या चाळीत भाड्याने राहतात. बैठे घर आहे, वर मजले नाहीत. नऊ लाखांतले २१ हजार गेले, बाकीचे शाबूत आहेत. तो डोंबिवलीहून बसून जातो, सून जवळच्या बालवाडीत शिकवायला लागली आहे. परवा ती एका दुसऱ्या इमारतीचा सातबारा घेऊन आमच्याकडे आली आणि म्हणाली, 'खाला, हे 'इतर हक्क'मध्ये काय लिहिलंय बघा ना.' आम्ही चष्मा लावून बसलो. रकान्यात एका बँकेचा बोजा होता. ती इमारतही सोडली.

आमच्या घराचे काय, असे आता वाचक विचारतील. इमारतीतली सोळा बिऱ्हाडे पहिल्यांदाच एकत्र बसली आहेत. इमारतीची मजबुती तपासून घ्यायची आणि वकिलाचा सल्ला घ्यायचा, यासाठी दर घरटी दोन हजार जमा केले. बोलणे बंद केलेले ते दोन शेजारीही आले होते. पुढे काय होते ते इन्शाअल्लाह याच सदरात लिहू, चांगले झाले तरी आणि वाईट झाले तरी.

पुढच्या महिन्यात तळोजा. तिथे राहणाऱ्या वाचकांनी पाणी, शाळा आणि घराचे कागद याबद्दलचा आपला अनुभव आम्हाला जरूर कळवावा. दुआमध्ये आठवण ठेवा.